दुसरी काच

स्वरूपानं उजव्या पायानं माप लवंडलं, तांदूळ फरशीवर पसरले आणि त्याच क्षणी दाराशेजारच्या खिडकीची काच टाक्कन तडकली.

आवाज एवढा मोठा, की बँडवाल्याचा हात ढोलावरच थांबला. मांडवात पन्नासएक माणसं होती. कुणी "अगं बाई!" म्हणालं, कुणी "देवा रे!" नव्या नवरीचा एक पाय घरात, एक उंबऱ्याबाहेर. आत टाकावा की मागं घ्यावा हे तिला कळेना. तेवढ्यात मोहोळच्या आत्या, म्हणजे नवऱ्यामुलाच्या सख्ख्या आत्या, घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, हनुवटीला बोट लावून म्हणाल्या,

"पाय टाकला नाही तोवर काच फुटली. आता पुढं काय काय फुटतंय ते बघत बसा."

मी सगळ्यांच्या मागं, मांडवाच्या खांबाला टेकून उभी होते. असल्या वेळी मी मागंच उभी राहते. सगळ्या बाया नवरीकडं बघत होत्या, मी एकटी खिडकीकडं. कारण दाराच्या दोन्ही बाजूंच्या त्या दोन मोठ्या काचांना पाचच दिवसांपूर्वी मी माझ्या हातानं ऊन अडवायची काळी फिल्म लावली होती. लग्नाचं जेवण हे निमित्त. मी खरं तर माझं काम किती देखणं दिसतंय ते बघायला आले होते.

बारा वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा मी बत्तीस-तेहेतीसची असेन. बार्शीत इस्माईलचाचांचं गाड्या सजवायचं दुकान होतं आणि मी तिथं सीट कव्हर शिवायला होते. मग गाड्यांच्या काळ्या काचांवर कोर्टाची बंदी आली. दुकानाचा निम्मा धंदा बसला. चाचा आठ दिवस नुसते बिड्या ओढत बसले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "गाड्या नाहीत तर नाहीत. घरं आहेत, दुकानं आहेत, ऊन तर कुठं गेलं नाही ना?" ऊन कुठं जाणार? एप्रिल-मे महिन्यात बार्शीत ऊन सोडून दुसरं असतंय काय!

पण घरात जायचं म्हणजे दुपारी बायका एकट्या असतात. परका गडी दोन-दोन तास घरात नको वाटतो. मग चाचांनी माझ्या मांडीवरचं कव्हर बाजूला केलं आणि हातात रबराची पट्टी दिली. "जयमाला, तुझा हात कात्रीवर बसलाय. बाकीचं मी शिकवतो."

शिकवलंही. पंखे बंद करायचे, म्हणजे धूळ उडत नाही. काच ब्लेडनं खरवडून धुवायची, साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा, फिल्मचा पाठचा पातळ पदर सोलायचा, ती ओल्या काचेवर सरकवत जागेवर आणायची आणि पट्टीनं मधलं पाणी कडेला काढायचं. एकसुद्धा बुडबुडा राहिला तर चाचा माझ्याकडं न बघता त्या बुडबुड्याशीच बोलायचे. "काय साहेब, इथंच मुक्काम का?"

देशमान्यांचं घर हे माझं पहिलं एकटीचं काम. नवऱ्यामुलाचे वडील मुरलीधर देशमाने, त्यांना सगळा गाव अप्पा म्हणायचा, पतसंस्थेचे चेअरमन. पतसंस्थेची नवी इमारत उभी राहत होती, साठ खिडक्यांची. अप्पा चाचांना म्हणाले होते, "आधी आमच्या घराचं करून दाखवा. लग्न आहे, पाहुणे बघतील. मग साठ खिडक्यांचं बोलू." चाचांनी ती साठ खिडक्यांची गोष्ट मला रोज दोनदा ऐकवली होती.

आता त्या मांडवात मी गर्दीतून वाट काढत खिडकीपाशी गेले आणि काचेवरची रेघ बघितली. बघितली, आणि चूक कुणाची ते मला तिथंच कळलं.

काचेला दगड लागला तर लागलेल्या जागेपासून चहूकडं चिरा जातात. इथं तसलं काही नव्हतं. एकच रेघ. खालच्या कडेतून निघून वीतभर सरळ वर आलेली आणि मग वाकडीतिकडी भरकटलेली. फिल्ममुळं तुकडा एक पडला नव्हता. मी खालच्या बाजूला हात लावला, चटका बसला. वर हात लावला, गार.

चाचांनी पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला धडा हा होता. काच अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत राहत असेल तर तिला काळी फिल्म लावायची नाही. काळी फिल्म ऊन पिते. खालचा भाग तापून फुगायला बघतो, वरचा गार भाग जागचा हलत नाही, आणि त्या ओढाताणीत काच जाते. म्हणून खिडकी बघायची ती तिच्या उन्हाच्या वेळी. ही खिडकी पश्चिमेची, आणि मी गेले होते सकाळी नऊला! अप्पांच्या बायकोनं, सुमतीकाकूंनी, दिलेले पोहे खाल्ले, टेप लावून मापं घेतली आणि निघाले. लग्नघर आहे म्हणजे दारात मांडव येणार, त्याची सावली काचेवर पडणार, हे कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही. मांडव हळदीच्या संध्याकाळी उभा राहिला आणि त्यानंतरची पहिली दुपार ही लग्नाची होती.

मी मांडवाबाहेर जाऊन चाचांना फोन लावला.

"कडेपास्नं निघालीय का मधनं?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"कडेपास्नं."

फोनवर काडीपेटी वाजली. मग म्हणाले, "तू घरी ये. लग्नघरात आज काही बोलू नको. चार दिवसांनी मी स्वतः जाऊन काच बदलून देतो."

"चाचा, इथं नवरीचं नाव घ्यायला लागलेत."

"दोन दिवस घेतील, विसरतील. तू ये."

आणि मी गेले. खोटं कशाला सांगू? मूग गिळून, पंगतीला न बसता, चपला शोधून सरळ घरी गेले. साठ खिडक्या डोळ्यांपुढं होत्या ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तडकलेल्या काचेला रुंद चिकटपट्टी लावायला म्हणून मी देशमान्यांकडं गेले. पट्टीचं निमित्तच. रात्रभर मला झोप नव्हती. घरात जोडी तुळजापूरला देवदर्शनाला निघायची गडबड होती, दारात जीप उभी. स्वरूपा हिरव्या शालूत देवघरापाशी आली आणि तिनं नारळाच्या ताटाला हात घातला. आत्यांनी ते ताट तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. "राहू दे. तू नको."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही की काही नाही. तिच्या सासूबाई, सुमतीकाकू, तिथंच उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. तीस वर्षांच्या संसारात त्या बाईनं नणंदेपुढं शब्द काढला नव्हता, असं सगळी गल्ली सांगायची.

मी खिडकीशी स्टुलावर चढले तशी स्वरूपा आपण होऊन आली आणि पट्टीचं दुसरं टोक धरून उभी राहिली. बाविसेक वर्षांची पोर. औषधांच्या दुकानाचा कोर्स केलेली, हुशार. हळूच म्हणाली,

"ताई, आत्यांनी माझ्या वडिलांना फोन केलाय. संध्याकाळी येऊन मला घेऊन जा म्हणून. शांत करायची म्हणे. सव्वा महिना मी माहेरी राहायचं, मग बघू म्हणे."

"मग बघू म्हणजे?"

"ते काही बोलल्या नाहीत." तिनं हसायचा प्रयत्न केला. "मला कळतं हो, असं काही नसतं. पायानं कुठं काच फुटते का? पण काल झोपताना मलाच वाटलं, की असेल का माझ्यात काही?"

हे ऐकलं आणि माझ्या हातातली पट्टी मलाच चिकटली. चिकटली ती चिकटली, चाचांच्या साठ खिडक्या गेल्या खड्ड्यात. मी स्टुलावरून उतरले आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काच माझ्यामुळं फुटलीय!"

सगळे आपापल्या जागी थबकले. अप्पा चहाची बशी हातात घेऊन बाहेर आले. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ऊन, सावली, काळी फिल्म, मांडव, सकाळी नऊ वाजता घेतलेली मापं, खाल्लेले पोहे. पोहे सांगायची गरज नव्हती, पण एकदा सुटले की मला थांबता येत नाही.

आत्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नवरीच्या बापानं चांगलं पढवून पाठवलंय हिला."

"मी त्यांना ओळखत पण नाही, आत्या."

"मग आज सुचलं होय? काल काच फुटली तेव्हा तू इथंच होतीस. खांबाला टेकून. मी बघितलंय. काल का नाही बोललीस?"

म्हातारी नेमकी दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारी होती.

"चार दिवस उन्हात होती ती काच, तेव्हा नाही फुटली," आत्या सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "आणि हिनं माप लवंडायला आणि तडकायला एकच गाठ पडली. आम्ही काय दुधखुळे आहोत?"

माझी नजर दुसऱ्या काचेवर गेली. दाराच्या उजवीकडची. तिच्यापाशी गेले, खाली वाकले. खालच्या कडेला, लाकडी पट्टीच्या जरा वर, काचेचा नखाएवढा टवका उडालेला होता. जुना असावा. काच अशाच जागेपासून उलते. कालचं ऊन तिनं कसंबसं सोसलं होतं. आज सोसेल? माझ्या तोंडून निघून गेलं,

"ही पण तडकणार. आजच. दुपारी ऊन उतरायला लागलं की तडकणार. स्वरूपा तेव्हा तुळजापूरला असेल, तिचा पाय तालुक्यातसुद्धा नसेल. मग तर पटेल?"

"आणि नाही तडकली तर?"

"नाही तडकली तर चाचांच्या दुकानाची पायरी गावात कुणी चढू नका."

दुसऱ्याच्या दुकानावर पैज लावताना जीभ कशी सैल सुटते बघा. आणि खरं सांगते, मला खात्री नव्हती. काचेचं कोण सांगणार? एखादी पाच मिनिटांत जाते, एखादी पाच वर्षं तशीच उभी राहते.

अप्पांनी बशीतला चहा संपवला. "ठरलं," म्हणाले. "तायडे, काच तडकली तर या विषयावर घरात परत कुणी बोलायचं नाही. नाही तडकली तर तू म्हणशील तसं." तायडे म्हणजे आत्या. जीप गेली. स्वरूपानं जाताना मागच्या काचेतून माझ्याकडं जे बघितलं, ते मला अजून दिसतं.

अकरा वाजता चाचा स्कूटरवरून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली.

"माझी पैज लावलीस?"

"चुकलं, चाचा."

"पंचवीस वर्षं झाली या कामात," ते मांडवातल्या खुर्चीवर बसत म्हणाले. "कारागीर आपलं काम टिकावं म्हणून दुवा मागतो. आज आपण दोघं ग्राहकाच्या घरची काच फुटावी म्हणून बसायचं. बस, तू पण बस." मग मांडवाच्या कापडाकडं मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "मांडव मात्र हलता कामा नये. मांडव गेला की पुरी काच उन्हात. मग ती तडकायची नाही."

हे त्यांनी म्हणायला आणि नागनाथ मंडपवाल्याचा टेम्पो दारात यायला एकच गाठ. चार गडी उतरले आणि दोऱ्या सोडायलाच लागले! त्याला संध्याकाळी वैरागला दुसरा मांडव घालायचा होता. मी धावत गेले.

"अहो नागनाथभाऊ, चार वाजेपर्यंत राहू द्या."

"चार? बाई, वैरागला वऱ्हाड काय उन्हात बसवू? लग्न झालंय ना इथलं?"

"झालंय, पण काच तडकायचीय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की ऊन लागलेलं माणूस तो रोजच बघत असावा. आत्या ओसरीवरून म्हणाल्या, "सोड रे दोऱ्या, तुझं काम तू कर." अप्पा नेमके पतसंस्थेत गेलेले. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात सुमतीकाकू बाहेर आल्या. नणंदेकडं न बघता, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "नागनाथभाऊ, काल तुम्ही पंगतीला बसला नाहीत. लग्नघरातनं उपाशी जायचं नाही. गड्यांनाही बोलवा."

उपाशी जायचं नाही यावर कोण काय बोलणार? पाच जण पंगतीला बसले. आणि मग मी जे बघितलं ते आयुष्यात विसरणार नाही. त्या बाईनं वाढायला जे सुरू केलं! पुरी संपली की पुरी. बासुंदीची वाटी अर्धी झाली की भरलीच. "नको वहिनी" म्हटलं की "माझ्या मुलाच्या लग्नाचं नको म्हणता?" नागनाथानं दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काकूंनी त्याच्या ताटात जिलेबी टाकली. शब्द एक वावगा नाही, चेहऱ्यावर काही नाही. पंगत उठली तेव्हा अडीच वाजले होते आणि चारही गडी मांडवातल्या गादीवर आडवे झाले. नागनाथ खुर्चीत बसल्या बसल्या घोरायला लागला. चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "ही बाई आपल्या दुकानात पाहिजे होती."

तीन वाजले. मांडवाच्या कापडाखालून ऊन काचेच्या खालच्या कडेला लागलं. शेजारपाजारच्या बाया सतरंजी घेऊन आल्या, कुणी शेंगा आणल्या. समोरच्या घरचे रिटायर्ड मास्तर घड्याळ काढून बसले आणि दर पाच मिनिटांनी वेळ सांगायला लागले. अप्पाही परत आले आणि चहाची बशी घेऊन बसले. उन्हाची रेघ मुंगीच्या पावलानं काचेवर वर सरकत होती. मी मधूनच हात लावून बघत होते. खाली चटका, वर गार. फुट की गं बाई, मी मनात म्हणत होते. माझ्या हातची पहिली काच आहेस, एवढं माझं ऐक.

"साडेतीन," मास्तर म्हणाले.

काही नाही. बायांची कुजबूज सुरू झाली. आत्या मांडवाच्या टोकाला खुर्ची टाकून पाठ फिरवून बसल्या होत्या. वळून बघायलासुद्धा त्या तयार नव्हत्या.

"तीन पस्तीस."

नागनाथ जागा झाला आणि दचकून टेम्पोकडं धावला. "उठा रे, उठा!" गडी डोळे चोळत उठले. एकानं पहिली दोरी सोडली, कापडाचा एक कोपरा लोंबायला लागला. चाचांनी डोळे मिटले. मला रडू येणार अशी भीती वाटली. संध्याकाळी बाप येणार, पोरीची पेटी भरली जाणार, आणि सव्वा महिन्यानंतर 'मग बघू'.

"तीन चाळीस."

"झालं?" आत्या उठल्या. हात गुडघ्यांवर टेकून, सावकाश. "संपला तमाशा? सकाळपास्नं घर डोक्यावर घेतलंय. मेलं फुटत नाही, काही नाही. सरका, मला पाणी प्यायचंय." आणि सगळ्यांच्या मधून, माझ्याकडं एक तिरका कटाक्ष टाकून, त्या दारापाशी आल्या आणि त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

टाक्क!

त्या टवक्यापासून रेघ निघाली, सरळ वर गेली, मग वळली. तश्शी. कालच्यासारखीच.

आत्यांचा एक पाय घरात, एक उंबऱ्याबाहेर. नागनाथाच्या हातात सुटलेली दोरी. आणि त्या शांततेत सुमतीकाकूंचा आवाज आला, मऊ, आदरानं भरलेला, तीस वर्षांत पहिल्यांदा:

"वन्सं, उजवा टाकलात की डावा?"

आधी अप्पा हसले. बशीनं तोंड झाकून हसायला लागले, मग बशी खाली ठेवून हसायला लागले. मग बाया, मग मास्तर. चाचा डोळे पुसत होते, नागनाथ काही न कळता हसत होता. आत्या खाली मान घालून आपल्या पायांकडं बघत राहिल्या. मग तिथंच उंबऱ्याशेजारी मटकन बसल्या. मला वाटलं, आता शिव्याशाप. तर त्यांचं पोट हलायला लागलं.

"मेलीची वेळच खोटी माझी," त्या म्हणाल्या. "सुमे, पाणी तरी दे आता." आणि त्याही हसायला लागल्या.

संध्याकाळी स्वरूपाचे वडील आले, कपाळावर आठ्या, बरोबर तिचा मामा. त्यांना काही विचारायची संधीच कुणी दिली नाही. बासुंदी पाजली आणि आत्यांनी स्वतः सांगितलं, "पोरगी आमच्याकडं नांदतीय, तुम्ही कशाला आलात?" भल्या माणसांनी वाद घातला नाही.

जोडी परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. सगळी हकीकत ऐकून स्वरूपा हसून हसून दमली. मग मी हौदावर पंगतीच्या बादल्या धूत होते तिथं आली.

"ताई, एक विचारू? तुमच्या साठ खिडक्या जाणार होत्या. तुम्ही का बोललात?"

मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. का कोण जाणे, तिला सांगितलं.

"माझंही लग्न झालं होतं," म्हटलं. "करमाळ्याकडच्या एका गावात. मी माप ओलांडलं आणि तासाभरात सासऱ्यांच्या विहिरीवरची मोटर जळाली. झालं. पांढऱ्या पायाची. पुढं म्हैस आटली तरी मी, दीर नापास झाला तरी मी. आठ महिन्यांनी मला बार्शीच्या एस.टी.त बसवून दिलं, ते परत कुणी न्यायला आलं नाही."

तिनं माझ्या हातातली बादली घेऊन नळाखाली ठेवली.

"चार वर्षांनी स्टँडवर त्या गावचा वायरमन भेटला. चांगला माणूस. मला चहा पाजला. म्हणाला, वहिनी, मांडवाचे दिवे जोडताना मीच मोटरच्या तीन फेजमधला एक सुटा ठेवला होता. तशीच मोटर चालू केली त्यांनी, जळणारच ती. मी विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? तर म्हणाला, एवढे पाहुणे जमले होते, म्हटलं आपलं नाव कशाला खराब करून घ्यायचं."

बादलीत नळाचं पाणी पडत होतं. "काल मी पण तेच केलं," मी म्हणाले. "चपला शोधून घरी गेले. आज सकाळी तू पट्टी धरलीस म्हणून, नाहीतर मीही एक चांगला माणूस झाले असते. पुढं कधीतरी तुला चहा पाजला असता."

स्वरूपानं माझा ओला हात धरला आणि धरूनच ठेवला. मागं पावलं वाजली. सुमतीकाकू होत्या. कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. मग तशाच आत गेल्या.

चार दिवसांनी नव्या काचा बसल्या. मांडव केव्हाच वैरागला जाऊन आणखी पुढं गेला होता. तरी मी दुपारी अडीचला जाऊन तासभर नुसती उन्हाकडं बघत उभी राहिले, आणि ऊन परतवून लावणारी चंदेरी फिल्म निवडली. अप्पा म्हणाले, "पतसंस्थेवर पण ये. पण सकाळी आलीस तर पोहे मिळणार नाहीत." चाचांनी साठ खिडक्यांची आनंदवार्ता गावातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर स्वतः जाऊन सांगितली.

फिल्म लावायच्या दिवशी मी साबणाच्या पाण्याची बादली घेऊन मागच्या दारानं निघाले होते. सवयीनं. तेवढ्यात पुढून काकूंनी हाक मारली.

"जयमाला, इकडून. पुढच्या दारानं."

बघते तर दारात तिघी उभ्या. काकूंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, शेजारी स्वरूपा, आणि मागं आत्या. मोहोळला जायचं पुढं ढकलून राहिलेल्या. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं.

"काकू, हे काय? मी अशी…"

"तू कशी ते मला माहीताय. हौदावर सगळं ऐकलंय मी." त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "नव्या काचांना फिल्म लागायचीय. घरात आधी तू ये."

माझ्या एका हातात बादली, दुसऱ्यात रबराची पट्टी, खांद्यावर ओलं फडकं. अंगावर दुकानातला चार ठिकाणी ठिगळ लावलेला गाऊन. मला पुढचं नीट दिसेना. "उजवा का डावा?" मी विचारलं, कारण काहीतरी बोलणं भाग होतं.

"कुठलाही टाक गं," आत्या मागून म्हणाल्या, "पण लवकर टाक, माझा जीव त्या काचेत अडकलाय."

मी माप लवंडलं. घाईत बादलीही हिंदकळली आणि तांदळांवर साबणाचं पाणी सांडलं. दोन्ही पाय घरात आले. आम्ही चौघी तशाच उभ्या राहून कान देऊन ऐकत राहिलो, एक मिनिट, दोन मिनिटं.

काहीसुद्धा फुटलं नाही.